दोन्ही हत्ती घे

४ फेब्रुवारी

मेहुणेबुवा,

तुझं कार्ड पोचलं. पोस्टमननं नेहमीप्रमाणे जिन्यातच मोठ्यानं वाचलं, त्यामुळे माझ्याआधी खालच्या शिंपिणीला कळलं की तुझं वजिराच्या बाजूचं प्यादं एक घर पुढं आलंय. आणि ते खालचं वाक्यही कळलं. "भाऊजी, तुम्ही एकेक प्यादं पोटाशी धरून बसता, अशानं डाव संपायच्या आधी आपण दोघं संपू." शिंपीण अजून हसतेय.

हसू दे. जन्मभर लेथवर पलंगाचे पाय काढले मी. लाकडाचा एक कीस जास्त निघाला की तो पुन्हा चिकटत नाही. म्हणून माझा हात जपून चालतो. तुझं तसं नाही, तू बाटलीतलं औषध मोजणारा कंपाउंडर. जास्त पडलं तर ओतून टाकायचं, दुसरं घ्यायचं.

तू विचारलंस, पैज अजून आहे ना. आहे. तुझ्याच शब्दांत पुन्हा लिहितो, म्हणजे नंतर फाटे फुटायला नकोत. जो हरेल त्यानं दुसऱ्याच्या दारात जायचं, आणि गेल्यावर जुना विषय काढायचा नाही. आणि हे जे तू प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहितोस ना, "उंटाला हात लागला नव्हता", ते बंद कर. लागला होता. हात लावलं ते मोहरं चालायलाच हवं. मागं समोरासमोर खेळलो तेव्हा मी पाहिलं, तुझ्या अक्कानंही पाहिलं आणि विचारल्यावर तेच सांगितलं. तू पट उधळलास, "या घराची पायरी पुन्हा चढणार नाही" म्हणालास आणि चप्पल घालायलाही थांबला नाहीस. तुझा काळा राजा कपाटाखाली सापडला, मुकुट तुटलेला. मी तो सरसानं चिकटवला. आता त्याच राजाच्या मागं लागलोय, बघ.

अक्का बरी आहे. तिनंच हे लिहायला सांगितलंय. पत्र पुरं झालं की तिला वाचून दाखवावं लागतं, त्याशिवाय पाकिटाला गोंद लावू देत नाही. पट अजून तीच पुसते. एकेक मोहरं उचलायचं, खालचं घर पुसायचं, मोहरं होतं तिथंच ठेवायचं. आजवर एक चूक नाही. हल्ली मधेच खुर्चीवर टेकते, एवढंच. जिना चढून आलं की कुणालाही दम लागतोच.

माझी चाल: राजाच्या बाजूचं कडेचं प्यादं दोन घरं पुढं. सावकाश विचार कर, घाई नाही.

तुझा भाऊजी


२६ फेब्रुवारी

मेहुणेबुवा,

कार्डाला फार दिवस लावलेस. तू म्हणशील, घाई नाही असं तुम्हीच लिहिलंत. लिहिलं होतं. आता म्हणतो, जरा लवकर लिहीत जा. कार्ड आलं त्याच दिवशी उत्तर टाकायला काय हरकत आहे? तुला एकट्याला दुसरं काम तरी काय असतं?

इकडं सगळं ठीक. पलंग आतल्या खोलीतून बाहेरच्या खिडकीशी आणला. शिंपिणीनं एक बाजू धरली, मी एक. उजेड चांगला येतो तिथं. माणसानं पलंग कुठंही ठेवावा, त्यात काय. पाय मीच काढलेले, त्यामुळे हलवताना करकरला नाही.

डॉक्टर आले होते. म्हणजे इमारतीत आले होते, तर वर डोकावले. मी जिन्यापर्यंत सोडायला गेलो. त्यांनी विचारलं, हिच्या माहेरचं कोण आहे? मी म्हटलं, एक भाऊ आहे, लांब असतो. ते म्हणाले, हं.

अक्का बरी आहे. ती पलंगावरून विचारतेय, "लिहिलंत का, बरी आहे म्हणून?" मी म्हटलं, लिहिलं. ती म्हणते, "दोनदा लिहा, त्याला एकदा सांगून कळत नाही." अक्का बरी आहे.

आता चाल. पत्र हातात धरून पटाशी बैस. माझा घोडा तुझ्या राजाच्या किल्ल्यासमोर आणून ठेवतोय. तुझ्या कडेच्या प्याद्याला तो सहज मारता येतो. चूक नाही झालेली, नीट बघून लिहितोय. मार.

तू म्हणायचास ना, भाऊजींचा खेळ म्हणजे दाराला तीन कड्या आणि वर कुलूप. मग आता एक कडी काढली म्हणायची.

हे वाक्य तिला वाचून दाखवलं तर म्हणाली, "बाई गं, घोडा दिलात? तुम्ही?"

तुझा भाऊजी


१५ मार्च

मेहुण्या,

"घोडा घेतला. गोड होता." पोस्टमननं हे वाचून मला विचारलं, "आजोबा, पुढच्या वेळी काय पाठवायचंय, उंट? पार्सलनं पाठवा, पत्रात मावायचा नाही."

घेतलास ते बरं केलंस. आता माझ्या प्याद्यानं तुझं ते प्यादं मारलं. पट बघ. कडेची सगळी पट्टी मोकळी झाली, माझ्या हत्तीपासून थेट तुझ्या राजाच्या कोपऱ्यापर्यंत. गल्ली झाडून ठेवावी तशी. पुढं काय करणार ते सांगत नाही. पण डोक्यात दुसरं काही नाही. दूध तापवताना तेच, औषध ढवळताना तेच.

औषध म्हणजे माझं, गुडघ्याचं.

आज पट मी पुसला. धूळ बसली होती आणि तिला म्हटलं, राहू दे, मी करतो. तर भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "जागच्या जागी ठेवा हं." मी काय लहान आहे? सगळं एकदम उचलून झाकणात घेतलं, फडकं मारलं आणि परत मांडलं. तिला त्याला सकाळ लागायची, माझं चहा उकळेपर्यंत झालं.

स्वयंपाक मीच करतो आता. शिंपीण म्हणते, आजोबा, तुमच्या भाताला सुताराची पटाशी लागते कापायला. तिनं चव घेतली आणि उरलेला मांजराला दिला, मांजरानंही विचार केला. तरी ती माझ्या बाजूची आहे. कपडे शिवता शिवता वर येते, अक्काची वेणी घालून जाते. केस फार गेलेत. वयानं जातातच. माझे कुठं राहिलेत?

अक्काला विचारलं, भावाला काही लिहू का तुझ्याकडून? "लिहा की थंडीत कान झाकत जा म्हणावं." मी म्हटलं, आता थंडी कुठं आहे? तर म्हणाली, "पुढच्या थंडीत."

तू उत्तर लगेच टाक. उद्या नको, आजच. पेटी तुझ्या दाराजवळच आहे, मला आठवतं.

भाऊजी


३ एप्रिल

मेहुण्या,

कार्ड मिळालं. तिकडं वजिराच्या बाजूला प्यादी ढकलत बसलायस. ढकल. शेजारच्या घरात आग लागलीय आणि तू अंगण सारवतोयस.

हत्ती आणतो. कडेच्या मोकळ्या पट्टीवरून थेट वर, तुझ्या राजाच्या शेजारी कोपऱ्यात. शह. तुझ्या राजाला तो मारावाच लागेल, दुसरी वाट नाही. दुसरी वाट नाही म्हटल्यावर तुझ्या कार्डाची वाट बघण्यात अर्थ नाही, म्हणून पुढचंही आत्ताच लिहितो. तू पहिला हत्ती मारलास की माझा दुसरा हत्ती त्याच पट्टीवर, खाली. शह. तुझा राजा परत आपल्या घरी. मग तो हत्तीही कोपऱ्यात. शह. मार. दोन्ही हत्ती घे. दोन्ही घे आणि एकाच कार्डात लिही.

पत्त्यांच्या खेळासारखं एका हातात इतकं टाकलेलं तुला आवडत नाही, मला माहीत आहे. मलाही आवडत नाही. काल शिंपिणीसमोर पहिला हत्ती उचलला आणि मुठीतच धरून बसलो. ती म्हणाली, "आजोबा, खोटा हत्ती आहे." तिला काय सांगू? ते हत्ती मीच लेथवर काढलेत. पांढऱ्या लाकडाचा तुकडा लहान होता, दोनच निघाले. डब्यात जाणार, दुसरं काय. पण डब्यात जातानाही जिवावर येतं.

हळू खेळलो असतो तर हा डाव मी जिंकला असता. वर्ष लागलं असतं, जिंकलो असतो. एक प्यादं जास्त होतं माझं. ते तसंच सांभाळत शेवटपर्यंत नेलं असतं. तुला कंटाळा आला असता, तू चुकला असतास. तू नेहमी तसाच चुकतोस. पण वर्ष

असो. ते वाक्य पुरं करत नाही.

हे पत्र तिला निम्मंच वाचून दाखवलं. निम्म्यात डोळा लागला तिचा. हल्ली तेही बरंच आहे म्हणायचं, कारण मग लिहिताना अडत नाही. आणि तरी अडतंच. ती जागी नसली तरी तिच्यासमोरच लिहितोय ना.

अक्का बरी आहे.

भाऊजी


१९ एप्रिल

छोट्या,

अक्का तुला अजून याच नावानं हाक मारते, म्हणून मीही लिहिलं. रागावू नको.

"दोन्ही हत्ती घेतले. भाऊजी, तब्येत बरी आहे ना?" एवढंच लिहिलंस. कोपऱ्यात उंटाचं काही नाही. पोस्टमननंही कार्डाची पाठ बघून खात्री केली. माझी तब्येत बरी आहे. गुडघे सोडले तर ठणठणीत.

आता ऐक. माझा वजीर कडेच्या पट्टीवर. शह. तुझा राजा कोपऱ्यातून परत आपल्या घरी जाईल, कुठं जाणार दुसरीकडं? मग वजीर त्याच्या दाराशी, अगदी नाकासमोर. वजिराच्या पाठीशी माझं प्यादं उभं आहे, तेव्हा राजाला वजीर मारता येत नाही आणि पळायच्या घरावरही त्याच प्याद्याचा पहारा. मात.

मात म्हणजे मात. घोडा, हत्ती, हत्ती, एवढं सगळं तुझ्या घरात भरलं, आणि एका प्याद्याच्या जोरावर मात. बसून पुन्हा पुन्हा तपासू नकोस. पट तसाच राहू दे. कार्डही लिहू नकोस, कार्ड यायला दिवस लागतात. ठरल्याप्रमाणे हरणाऱ्यानं दारात यायचं. मिळेल ती पहिली गाडी पकड. सामान फार घेऊ नकोस, माझे कपडे तुला होतात. दार उघडंच असतं. जिना अंधारा आहे, तिसरी पायरी खचलीय, जपून ये.

आल्यावर मी काही बोलणार नाही. उंटाचं नाव काढणार नाही. तूच जिंकलास असं चारचौघांत सांगेन. शिंपिणीला सांगेन, पोस्टमनला सांगेन. फक्त ये.

आज तिला काही वाचून दाखवलं नाही. झोपली आहे. सकाळी विचारलं होतं तिनं, "काय झालं डावाचं?" मी म्हटलं, राजाला बाहेर काढतोय. म्हणाली, "निघेल?"

लवकर ये.

भाऊजी


४ मे

छोट्या,

हे पत्र तुझ्या घरी पोचेल तेव्हा तू इथं असशील. संध्याकाळच्या गाडीनं तू उतरणार, आणि हे त्याच वेळी उलट दिशेनं निघालेलं असेल. माहीत असूनही लिहितोय. तू परत जाशील तेव्हा कुलूप काढशील, दाराखाली हे पडलेलं असेल. रिकाम्या घरात शिरताना पायात काहीतरी यावं. आणि दारात उभं राहून मला काही बोलता येणार नाही, हेही आहेच.

तुझं कार्ड परवा आलं. पोस्टमननं जिन्यात वाचलं नाही. वर आला, टोपी काढली, हातात दिलं आणि गेला.

ते कार्ड माझ्यासमोरच आहे. "भाऊजी, वजीर आला, पण तुमचं प्यादं एक घर मागं आहे. माझा राजा वजीर सहज मारतो. तुमचा पट नि माझा पट एक नाही, हे पहिल्या हत्तीलाच कळलं होतं. तेव्हाच लिहिणार होतो. मग दुसऱ्या हत्तीच्या चालीही त्याच पत्रात दिसल्या. ज्यानं मला कधी अर्धं प्यादं फुकट दिलं नाही, तो माणूस हत्ती वाटत सुटला आणि चाली घाईनं आधीच लिहायला लागला. तुम्हाला स्वतःसाठी कसलीच घाई कधी नव्हती. मी डाव सोडला. हरलो म्हणा. चार तारखेच्या गाडीनं येतो. अक्काला आधी सांगू नका, उगाच उठून कामाला लागेल."

पटाशी गेलो. जुनी पत्रं, चाली, सगळं आठवून बघितलं. खरं आहे. त्या प्याद्याची शेवटची चाल मी तुला कधी कळवलीच नव्हती. मनात इतक्यांदा ते पुढं ढकललं होतं की पट पुसून मोहरी मांडताना हातानं ते मनातल्या घरातच ठेवलं. ती पुसत होती तोवर असं झालं नव्हतं. ती प्रत्येक मोहरं उचलून तिथल्या तिथंच ठेवायची. मी सगळं एकदम उचललं.

तुला आधी का लिहिलं नाही, हे तू आज विचारशीलच. जानेवारीतच डॉक्टरांनी सांगितलं होतं, तेव्हा वर्षभर तरी हातात आहे असं वाटलं. त्याच दिवशी तिनं माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला. "त्याला कळवलंत तर माझी शपथ आहे. आजारी बहिणीची कीव करून यायला नको. आपल्या पायानं आला तर येऊ दे, नाही तर राहू दे." जळलं तरी पीळ जात नाही, तुमचं घराणंच तसलं. मग मला एकच वाट उरली. डाव जिंकायचा, आणि तोही तिच्या आधी संपवायचा. म्हणून घोडा दिला. म्हणून हत्ती दिले. शपथ मोडली नाही मी. तुला कळलं ते माझ्या खेळावरून कळलं, ते मोडण्यात धरत नाहीत ना? तू सांग. तिला विचारायचं धाडस झालं नाही.

कार्ड मात्र तिला वाचून दाखवलं. तू नको म्हटलंस, तरी वाचलं. तिला उठून कामाला लागता येणार नव्हतं. बऱ्याच दिवसांनी पूर्ण जागी होती.

"म्हणजे जिंकलं कोण?"

"तो."

"मग तो का येतोय? हरणाऱ्यानं जायचं ठरलं होतं ना?"

"त्यानं डाव सोडला."

"जिंकणाऱ्याला डाव सोडता येतो होय? नियम म्हणजे नियम. जायला तुम्ही हवं होतं." आणि हसली. आवाज नव्हता, पण हसली, शिंपीण साक्षीला आहे. मग म्हणाली, "उंटाला हात लागला होता हं त्याचा."

"लागला होता."

"मी बोलायला नको होतं, नाही?"

"तू खरं तेच बोललीस."

"खरं बोलायला मीच सापडले होते का तुम्हाला? विचारायचं नव्हतं मला."

मी तिची उशी सारखी केली. "येऊ दे," म्हणाली. "आला की उठवा." काल दिवसभर दोनतीनदा दाराकडं बघितलं तिनं. मी म्हटलं, उद्या. उद्या येणार आहे.

आज उजाडताना गेली. मी चहा करत होतो. हाक मारली नाही तिनं, मारली असती तर ऐकू आली असती.

तू म्हणशील, पहिल्या हत्तीलाच कळलं होतं तर तेव्हाच निघायला हवं होतं. म्हणू नकोस. मी म्हणेन, मला पट नीट पुसता आला असता तर मात आधीच झाली असती. मग तू म्हणशील, मी पट उधळला नसता तर. यातलं कुठलंच मोहरं आता मागं घेता येत नाही. हात लागला तो लागला.

खोलीत माणसं आहेत. डॉक्टर येऊन गेले. शिंपिणीनं तिची वेणी घातली. पट खिडकीशी आहे तसाच आहे. प्यादं फक्त एक घर मागं घेतलं, जिथं खरं होतं तिथं. तुझा राजा मी आडवा केलेला नाही. चिकटवलेल्या मुकुटानं उभा आहे. माझा मी आडवा केला. हरलो तो मीच.

शिंपीण म्हणतेय, आजोबा, गाडीची वेळ होत आली, कुणाला तरी पाठवू का घ्यायला? मी नको म्हटलं. हरणाऱ्यानं जायचं ठरलंय. तुझ्या दारापर्यंत माझ्या गुडघ्यांना आता जमायचं नाही, पण गाडीतळापर्यंत येतो. वाटेत पेटीत हे टाकतो.

तू उतरशील तेव्हा मी समोरच उभा असेन. बोलणार काही नाही. हत्तीवरून ओळखलंस, तसं तोंडावरून ओळख.

भाऊजी